अथ डोरेमॉन-दर्शनविधी

१९७९ च्या एप्रिल महिन्यात जपानच्या दूरचित्रवाणीवर सुरू झालेली आणि २००५ साली प्रमुख पात्रांच्या मुखी नवे आवाज घालून पुन्हा मांडलेली डोरेमॉनची मालिका नातवंडांच्या मागे बसून पाहण्याचा प्रसंग ज्या प्रौढ गृहस्थांवर गुदरतो, ते बहुधा दुसऱ्याच दिवशी ‘यात रोज तेच तेच आहे’ अशी तक्रार गुदरून वर्तमानपत्रात तोंड खुपसतात. तक्रार खरी आहे. परंतु सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाण्याची नौका दर वेळी ठरल्या अध्यायातच संकटात सापडते, म्हणून कोणी प्रसाद घ्यावयाचा राहिल्याचे ऐकिवात नाही. सबब प्रस्तुत विधी.

आसनस्थ व्हावे ते आरंभीच. मालिकेतला शाळकरी मुलगा नोबिता रडत घरी येतो, त्याची कैफियत चुकवू नये. कधी परीक्षेत शून्य, कधी वर्गमित्र सुनिओने मिरवलेले नवे खेळणे, तर कधी जियानने केलेली जप्ती; कारण दुसऱ्याच्या मालमत्तेवर आपला मालकी हक्क आपोआप पोचतो, अशी या दांडगटाच्या मनाची पक्की धारणा असते. या वेळी ‘अभ्यास केला असता तर’ हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळावे.

नंतर पोटावरच्या खिशातून अवजार निघते. ते काढणारा डोरेमॉन हा बाविसाव्या शतकातला यांत्रिक मार्जार असून त्याची जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२, उंची १२९.३ सेंटिमीटर आणि वजन तितकेच किलो आहे. दोन धिरड्यांत गोड पुरण घातलेल्या दोरायाकीपुढे त्याचा विवेक टिकत नाही. अवजाराचे नाव तो ललकारीने उच्चारतो, तेव्हा घरात कोणी कुकरची शिटी मोजत असल्यास त्यासही थांबण्याची विनंती करावी.

आता मर्मस्थान. अवजार प्रथम अगदी बिनचूक चालते, नोबिताचे काम होते, आणि तेथेच ते परत केले असते तर कथा सुखाने संपती. पण त्याच्या डोळ्यांत दुसरा हव्यास चमकतो. नव्या प्रेक्षकाची चूक अशी, की तो अवजाराकडे पाहतो, नाहीतर शेवटच्या फजितीची वाट पाहतो. वस्तुतः सर्वोत्तम आनंद या दोहोंच्या मध्ये, हव्यास चमकल्यापासून विपत्ती कोसळेपर्यंतच्या अवधीत साठलेला असतो. आणि तो पडद्यावर नव्हे, तर पुढे बसलेल्या मुलांच्या खांद्यांवर पाहावा. काही घडण्यापूर्वीच ते खांदे हलू लागतात.

स्मरण-पावाची कथा घ्या. वहीच्या पानावर पावाचा तुकडा दाबून खाल्ला की मजकूर तोंडपाठ होतो. मात्र नोबिता आधीच आकंठ जेवलेला, त्यात पावामागून पाव, आणि परिणामी सगळी विद्या शौचकूपात विसर्जित. परीक्षार्थींच्या एका सबंध राष्ट्राला हे का आवडले असावे, याचे स्पष्टीकरण मागू नये.

डोरेमॉनसारखा जबाबदार पालक अशा पोराच्या हाती पुनःपुन्हा अवजार का देतो, ही शंकाही अप्रस्तुत समजावी. उंदीर दृष्टीस पडताच पृथ्वी उडवून देणारा बाँब बाहेर काढणाऱ्या पालकाच्या हातून निराळी तजवीज कशी व्हावी?

निर्वाणीचा इशारा एवढाच, की मिठाई दुप्पट करणाऱ्या औषधाचा भाग असेल तेव्हा जवळपास कागद-पेन्सिल ठेवू नये. कुरी-मांजू या मिठाईवर थेंब पडला की दर पाच मिनिटांनी एकाचे दोन, दोनाचे चार; खाऊन संपेना, तेव्हा डोरेमॉन ती मिठाई अग्निबाणाला बांधून अंतराळात धाडतो आणि भाग संपतो. यानंतर नातू ‘आता तिथे किती झाली असतील?’ असे हमखास विचारतो. प्रस्तुत लेखकाने भाबडेपणाने हिशेब मांडला. पहिल्या तासाअखेर ४,०९६ पर्यंत धीर टिकला, दुसऱ्या तासाअखेर १,६७,७७,२१६ हा आकडा आला, आणि मान वर केली तो पुढचा भाग अर्धा होऊन गेला होता, नोबिताच्या डोळ्यांत ती चमक येऊन गेली होती, आणि समोरचे खांदे हसून थांबले होते.