पाठ म्हणजे फळी नव्हे

पाठ दुखते? जमिनीवर झोप. हा सल्ला आपल्याकडे शेजारी देतो, रिक्षावाला देतो, लग्नात पंगतीला शेजारी बसलेला अनोळखी माणूसही देतो. दुखतं कुठं, हे कुणीच विचारत नाही.

आईलाही तोच मिळाला. खडकवासल्याच्या आमच्या घरात पलंगावरची गादी निघाली, प्लायवूडची फळी आली, वर सतरंजी. पाच रात्री ती निमूट झोपली. सहाव्या पहाटे पलंगाची कड धरून अर्धी उठली आणि तशीच थांबली.

चुकलं काय? आम्ही पाठ सरळ समजलो.

ती सरळ नसतेच. मानेत 7 मणके, बाक आत. छातीमागे 12, बाक बाहेर. कमरेत 5, पुन्हा आत. फळीवर उताणं झोपलं की वरची पाठ टेकते, बूड टेकतं, कंबर अधांतरी राहते. आईच्या कमरेखालून माझा हात आरपार गेला.

त्या पोकळीत रात्रभर आधार कुणाचा?

2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनाट कंबरदुखीचे 313 रुग्ण. काहींना कडक गादी, काहींना मध्यम कडक. 90 दिवसांनी मध्यम गादीवाले जास्त सुधारले होते. दोन दशकं उलटली, आपली फळी जागची हलली नाही.

मग मऊ गादी घ्यायची? तीही नको. कापसाच्या गाठी झालेली, मध्ये झोळी पडलेली गादी कंबर खाली ओढते. पूर्वी पिंजारी दारावर यायचा, दर दोन-तीन वर्षांनी गादी पिंजून व्हायची. आता गादी पिंजत नाही, ‘ऑर्थोपेडिक’ लिहिलेली विकत घेतो. तो शब्द छापला म्हणजे कुणा डॉक्टरनं ती तपासली, असं कुणी सांगितलं?

आणि खडकवासल्याच्या चौपाटीवर दिवसभर शेगडीपुढे वाकून कणसं भाजणाऱ्या बाईनं ती कशातून घ्यायची?

तिला गोधडीची घडी पुरते. उताणं झोपताना ती गुडघ्यांखाली, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये. कुशीवर उशी एवढीच उंच, की खांदा आणि कान यांतली जागा भरावी. पालथं झोपणं सोडावं. रात्रभर मान एकीकडे पिळलेली राहते. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी इथंच, पुण्यात, घडी घातलेली ब्लँकेटं आणि लोड वापरून शरीराला आधार द्यायला शिकवलं. ते शिकायला जगभरातून माणसं शिवाजीनगरला आली. पुणेकरानं मात्र फळी टाकली!

मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर भाराखाली पाणी सोडतात, आडवं झाल्यावर परत शोषतात. सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते ती त्यामुळे. आमच्या खडकवासला धरणातलं पाणी पुण्याला गेलं, की वरच्या पानशेत-वरसगाव धरणांतलं येतं. चकतीला वरचं धरण नाही. तिच्याकडे रात्र आहे, तेवढीच.

म्हणून पहाटेची पाठ सर्वांत नाजूक. चकत्या तेव्हा फुगलेल्या, ताठ असतात. वाकलं की ताण जास्त. आणि आपल्या बायका उठल्या उठल्या काय करतात? नळाला पाणी आलं म्हणून कमरेत वाकून बादली उचलतात.

पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, पडल्यानंतरची कळ, तापाबरोबरचं दुखणं. यातलं काहीही असेल तर गादीचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

आईची गादी आम्ही परत घातली, कापूस पिंजून. उठताना ती आता आधी कुशीवर वळते, पाय खाली सोडते, मग हाताच्या रेट्यानं बसते. दोन मिनिटं तशीच बसून राहते.

फळी मोरीपाशी दोन स्टुलांवर आडवी आहे. नळाखालची बादली आता तिच्यावर असते.