तिथीची पाऊणपट

साडेसहा ते आठ डॉल्फिन, साडेनऊ ते साडेअकरा स्कूबा, बाराला पॅरासेलिंग, सव्वाला सुरमई थाळी, चारला त्सुनामी आयलंड, सहा दहाला सूर्यास्त. तारकर्लीला निघालेल्या कुटुंबाच्या सहलीतला हा दुसरा दिवस. कोणाला हे दहावीचे वेळापत्रक वाटले, तर त्याचा दोष नाही. दहावीला निदान दोन पेपरांमध्ये एखादी सुट्टी असते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘मालवण फायनल’ नावाची एक्सेल फाईल फिरते, तिच्या पाठोपाठ ‘मालवण फायनल नवीन’ येते आणि निघायच्या आदल्या रात्री ‘हीच बघा’ नावाची तिसरी. प्रत्येक रांगेसमोर ‘पेड’ अशी हिरवी खूण केलेली असते. सगळ्यांची संमती घेतलेली असते, अगदी चार वर्षांच्या नातवाचीही. विचारायचा राहिलेला असतो तो एकटा समुद्र.

आणि समुद्राचे कार्यालय वेगळ्या वेळापत्रकावर चालते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पूर्वी शाळेत पाऊणकी घोकून घेत, त्याचा हा एक तरी उपयोग होता. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि तीही उधाणाची. आता ‘सकाळी अकरा, वाळूवर फॅमिली गेम्स’ हे महिनाभर आधी घेतलेले बुकिंग अष्टमीला आले तर ऐसपैस मैदान मिळते. पौर्णिमेला आले तर रस्सीखेच थेट अरबी समुद्राशी होते. देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी असलेले त्सुनामी आयलंड तर ओहोटीला डोके वर काढणारा वाळूचा पट्टा. भरतीला त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो. ॲपवर मात्र ते आठवडाभर रोज चार वाजता ‘उपलब्ध’ असते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, एवढी साधी गोष्ट ॲपला कोणी सांगितलेली नाही. ती स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेला ठाऊक आहे; पण तिच्यावर दुधाचा हिशेब लिहिलेला असल्याने तिला कोणी प्रवासतज्ज्ञ मानत नाही.

प्राणिमात्रांची शिस्तही अशीच ढिली. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला दरवर्षी शहरांतून गर्दी लोटते. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, कारण त्यांचे गणित वाळूच्या उबेवर चालते. आपला शनिवार-रविवार त्यात धरलेला नसतो. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली आणि खाली एकही पिल्लू नाही, असे होते. मग ‘आम्ही खोलीचे पैसे भरलेत’ ही तक्रार नेमकी कोणाकडे नोंदवायची, हा प्रश्न पडतो. डॉल्फिनही पावती पाहून उडी मारत नाहीत. वेळ काटेकोर पाळणारा या सगळ्यात एकच, सूर्यास्त. आणि वाळूवर बसून जो फुकट दिसतो, नेमक्या त्याचेच आपण होडीसह तिकीट काढतो.

कोणी म्हणेल, निसर्ग लहरी असेल, माणूस तर ठरवल्याप्रमाणे वागतो. याचे उत्तर रेल्वेने दिले आहे. आरक्षण 120 दिवस आधी घेता येत असे. 1 नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आणली गेली. कारणही सांगितले: 61 ते 120 दिवस आधी केलेल्या आरक्षणांपैकी सुमारे 21 टक्के रद्द होत होती. चार महिन्यांनी आपण गाडीत बसणार की नाही, हे पाचांतल्या एकाला धड सांगता येत नव्हते. तोच माणूस दोन महिने आधी लिहून देतो की अमुक मंगळवारी साडेनऊ वाजता आपल्याला समुद्राच्या तळाशी जावेसे वाटेल. आणि आजोबांना बाराला आकाशात.

आता आक्षेप. नाताळात मालवण धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नसते, आधी घेतले नाही तर काहीच मिळत नाही, हे खरे. म्हणून गाडी आणि खोली आधी घ्यावीच. त्या मोजक्या असतात. उकडीचे मोदकही आदल्या दिवशी सांगून ठेवावेत, कारण ते करणाऱ्या बाईंना तांदळाची पिठी लागते. समुद्र मात्र संपत नाही. पाच खेळांचे पॅकेज स्वस्त पडते, हेही खरे. पण त्यातले तीन खेळ कोणालाच नको होते, हा हिशेब सवलतीत धरत नाहीत. मुले कंटाळतात, हा आक्षेप मुलांनी घेतलेला नाही. ओल्या वाळूत खड्डा खणणारे पोर तीन तास हलत नाही. हलतात ते त्याचे वडील, दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवत.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा: आधी नोंद असली की होडीवाला माणसे मोजून तयारी करतो. पण आगाऊ भरलेला पैसा उलटाही वागतो. वारा सुटलेला असतो, लाटा चढलेल्या असतात, होडीवाला ‘आज नको’ म्हणतो आणि ग्रुपमधून आवाज येतो, ‘पैसे भरलेत हो!’ पावसाळ्यात जलक्रीडा सरकारच बंद ठेवते, तेव्हा हुज्जत घालायला जागा नसते. उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत ‘नाही’ म्हणायचे काम एकट्या होडीवाल्याकडे असते आणि ते ऐकण्याचे आपल्याकडे. खिशातून पैसे आधीच गेलेले असले की कान नेमके तेव्हाच बंद होतात.

तेव्हा फाईल करायचीच असेल तर तिच्यात एकच रकाना ठेवावा, तिथीचा. पाऊणपट काढावी, आणि पाणी जवळ आहे की लांब, हे पाहून दिवस ठरवावा. चुकले तरी बिघडत नाही. हुकलेली भरती साधारण साडेबारा तासांनी पुन्हा येते, आणि ‘रद्द केल्यास परतावा नाही’ अशी अट घालत नाही.