कोपऱ्यातले काका

प्रत्येक परमिट रूमला दोन मालक असतात. एकाचं नाव लायसन्सवर असतं, तो गल्ल्यावर बसतो. दुसऱ्याचं नाव कुठंच नसतं, तो कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. पहिला बहुधा उडुपी-मंगळूरकडचा शेट्टी असतो आणि सगळे त्याला अण्णा म्हणतात. दुसरा कुठलाही असू शकतो आणि सगळे त्यांना काका म्हणतात. भाडं, वीजबिल, एक्साइजची फी, पोरांचे पगार ही किरकोळ कामं अण्णाकडे. बार नीट चालतोय की नाही, हे बघायची मुख्य जबाबदारी काकांकडे.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात कुठल्याही स्टेशनला उतरा, रिक्षा स्टँड ओलांडा, की असा एक बार लागतोच. पाटीवर देवीचं नाव, त्याखाली ‘बार अँड रेस्टॉरंट’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘परमिट रूम’. काळ्या काचेचं दार. खाली साधा हॉल, वर एसी. खालची क्वार्टर जिना चढून वर गेली की महाग होते. काका त्यामुळे कधी वर जात नाहीत. “वर दारू नाही, गारवा विकतात,” असं त्यांचं मत आहे आणि ते वर जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाईल इतक्या आवाजात ते मांडतात.

काका साठीच्या अलीकडे-पलीकडे असतात. बँक, महापालिका, रेल्वे, एलआयसी यांपैकी कुठंतरी निवृत्त झालेले किंवा व्हायला आलेले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन, हातात कापडी पिशवी. पिशवीत रिकामा डबा, दुमडलेली छत्री आणि घरून सांगितलेली पावभर कोथिंबीर. आल्या आल्या पिशवी शेजारच्या खुर्चीवर बसते आणि उठेपर्यंत ती खुर्ची कोणालाही मिळत नाही. मग काका हात जोडतात. गल्ल्यावर भिंतीत देवाचा फोटो असतो, त्याला झेंडूचा हार आणि लुकलुकणारी माळ असते आणि बरोबर त्याच्या खाली बाटल्यांची ओळ असते. नमस्कार नेमका कोणत्या मजल्यापर्यंत पोचतो, हे अण्णानंही कधी विचारलेलं नाही.

वेटर येतो. “काका, नेहमीचं?”

“आण काय ते,” काका म्हणतात. जणू निवड त्याच्यावरच सोपवली आहे.

इथं नव्या वेटरची परीक्षा असते. न विचारता बाटली आणून ठेवली तर काका म्हणणार, “गिऱ्हाइकाला विचारायची पद्धत आहे की नाही?” आणि मेन्यू पुढं करून “क्या लेंगे सर?” म्हणाला तर ते थेट गल्ल्याकडे बघणार: “अण्णा, हे कोण नवीन?” प्रश्न विचारायचाच, पण उत्तर माहीत असल्यासारखा विचारायचा. हे ज्याला जमलं तो त्या बारमध्ये टिकला.

नेहमीचं म्हणजे ओल्ड माँकची क्वार्टर. १९५४ साली ही रम बाजारात आली, त्यामुळे तिला काका आपल्याच पिढीची समजतात. सील त्यांच्यासमोर फोडायचं. त्याआधी ते बाटली ट्यूबलाइटपुढं धरतात, तळाशी काही दिसतंय का बघतात, लेबल वाचतात. लेबलावर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. कालही तेच होतं, पण सरकारचा भरवसा नाही. क्वार्टरमध्ये १८० मिलिलिटर. जगाच्या हिशेबानं त्यात साठचे तीन पेग बसतात, काकांच्या हिशेबानं पंचेचाळीसचे चार. ग्लासाला बोट लावून ते असं माप घेतात की वजनमापे खात्याच्या माणसानंही शिकून जावं. वर साधं पाणी. शेजारच्या टेबलावर कोणी रममध्ये थम्सअप ओतलं की काका मान दुसरीकडे वळवतात. शेवटी करंगळी बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडायचे. कोणाच्या नावानं, ते सांगत नाहीत. पहिला घोट घेऊन डोळे मिटतात, आणि डोळे उघडल्याबरोबर तक्रारीला सुरुवात करतात.

पहिला नंबर चकण्याचा. तो फुकट असतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार जास्त. “अरे, ये शेंगदाणा सुबह का है क्या?” काकांचं हिंदी फक्त वेटरसाठी राखीव असतं आणि वेटरला मराठी उत्तम येतं. उकडलेल्या शेंगदाण्यांत पूर्वी कांदा दिसायचा, आता नुसता वास येतो. काकडीच्या चकत्या आता इतक्या पातळ कापतात की त्यातून पलीकडचं टेबल दिसतं. चणाडाळीवर लिंबू पिळलंय की दाखवून नेलंय? हे सगळं बोलून होईपर्यंत बशी रिकामी झालेली असते. वेटर दुसरी आणून ठेवतो. काका तिच्याकडे बघतही नाहीत. ती आपोआप संपते.

दुसरा नंबर पंख्याचा. दोनवर ठेवला तर गरम होतं, तीनवर ठेवला तर मसाला पापडावरची शेव उडते. काका रोज एकदा उठून स्वतः रेग्युलेटर फिरवतात आणि पुन्हा होता तिथंच आणून ठेवतात. मग टीव्ही. आवाज बंद करून कुठली तरी जुनी मॅच लागलेली असते. कोण आउट होणार हे काकांना पाठ असतं, तरीही ते “हा आता जाणार बघ” असं शेजाऱ्याला सांगतात, आणि तो गेला की अण्णाकडे बघतात. अण्णा मान हलवून दाद देतो. धंदा असाच होतो.

अलीकडे या बारमध्ये तरुण पोरंही येतात. मोबाइलवर बारचे तारे बघून येतात आणि जाताना तारे देऊन जातात. एकदा काकांच्या शेजारच्या टेबलावर अशीच तिघं बसली होती. त्यातल्या एकानं आदबीनं विचारलं, “काका, इथं काय चांगलं मिळतं?”

“काही नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. सर्व्हिस ढिली, ग्लास ओले, बर्फ विरघळलेला. शेट्टीचं लक्षच नाही राहिलं.”

पोरं उठायला लागली. काकांनी खुणेनंच त्यांना बसवलं. “आता आलाच आहात तर चिकन सुकं घ्या. पण आज सोमवार, आज नको. अंडा भुर्जी सांगा, पाव बाजूच्या बेकरीचा आण म्हणावं, इथला नको. बोंबील आहेत का विचारा. नाही म्हणाला तर माझं नाव सांगा.” पाच मिनिटांत काकांनी त्यांची सगळी ऑर्डर दिली, दोन पदार्थ परत पाठवले आणि एका मुलाला पहिला पेग इतक्या घाईनं संपवल्याबद्दल समज दिली. जाताना पोरांनी किती तारे दिले कोण जाणे. काकांनी मात्र अण्णाला जाऊन सांगितलं, “तुझी तीन गिऱ्हाइकं आज मी राखली.”

तिसऱ्या पंचेचाळीसला काका कायद्यावर येतात. हा त्यांचा खास प्रांत. महाराष्ट्रात दारू पिण्याचा कायदा नसून न पिण्याचा कायदा आहे, हे ते आवर्जून सांगतात, आणि ते खरंही आहे. मूळ कायदा १९४९ चा, दारूबंदीचा. तो आजही आहे. आपण पितो ते परवान्यावर: एका दिवसाचा हवा तर ५ रुपये, जन्मभराचा हवा तर १००० रुपये. “आणि परवाना कशासाठी देतात माहितेय? आरोग्य राखण्यासाठी! नियमात लिहिलंय.” काकांकडे आजन्म परवाना आहे. तो प्लॅस्टिकच्या पाकिटात, रेल्वेच्या पासामागं. घरी कोणी काही बोललंच तर हा कागद दाखवायचा असा त्यांचा फार दिवसांचा बेत आहे. अजून धीर झालेला नाही.

वयाचा नियमही त्यांना तोंडपाठ. बियरला २१, व्हिस्की-रमला २५. “बघा, सरकार निवडायला अठरा. बायको करायला एकवीस. ब्रँड निवडायला पंचवीस. जबाबदारी वाढत जाते तसं वय वाढवत नेलंय.”

ड्राय डे त्यांना कॅलेंडर न बघता सांगता येतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे तर शाळेतल्या पोरालाही येतील. काकांचा खरा अभ्यास निवडणुकांचा. मतदान संपण्याआधीचे ४८ तास, शिवाय मतमोजणीचा दिवस. लोकसभा, विधानसभा आणि महापालिका लागोपाठ आल्या की काका लोकशाहीविषयी फार कडवट बोलतात. पोटनिवडणूक लावणाऱ्या आमदाराला तर ते जन्मात मत देणार नाहीत.

एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आतले बार बंद झाले, तेव्हा काकांनी रजा टाकून पावलं मोजली होती. सरळ रस्त्यानं अंतर भरेना, तेव्हा त्यांनी अण्णाला पुढचं दार बुजवून मागच्या गल्लीतून वाट काढायचा सल्ला दिला. बोळ, देवळाचा कट्टा, पिठाची गिरणी असा वळसा घालून त्यांनी सव्वापाचशे मीटर जमवलेही होते. काही महिन्यांनी शहरहद्दीतल्या बारना न्यायालयानंच मोकळीक दिली आणि काकांचा नकाशा वाया गेला. तो अजून गल्ल्याच्या खणात आहे.

१४ जुलै २०२५ ला करवाढीच्या निषेधार्थ राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला, त्या संध्याकाळी काका बंद शटरसमोर उभे होते. कोणी तरी विचारलं, “काय काका, आज बंद?” काका म्हणाले, “हो. आपण आज बंद ठेवलाय.” त्या ‘आपण’मध्ये अण्णा होता, आचारी होता, ग्लास विसळणारं पोरगं होतं. काका तर होतेच.

या बारमधल्या नेहमीच्या मंडळींना एकमेकांची आडनावं माहीत नसतात. कोणाचा गुडघा बदलला, कोणाचा मुलगा कॅनडाला गेला, कोणाच्या सोसायटीत पार्किंगवरून कोर्टकचेरी चालू आहे, हे मात्र सगळ्यांना ठाऊक. आणि एक नियम सगळे पाळतात: बाहेर ओळख द्यायची नाही. रविवारी भाजी मंडईत दोन काका आपापल्या सौभाग्यवतींसह समोरासमोर आले तर दोघंही एकदम दुधी भोपळा निरखायला लागतात. घात करतात ते वेटर. परवा मंडईत एकानं लांबूनच “काका!” म्हणून हात केला. काकूंनी विचारलं, “हा कोण?” काका म्हणाले, “आमच्या बँकेत शिपाई आहे.” काकू काही बोलल्या नाहीत. गेली कैक वर्षं नवरा रोज रात्री बडीशेप चघळत घरी येतो आणि कोथिंबिरीला फोडणीत न घातलेल्या कांद्याचा वास येतो. काकूंना काय कळायचं ते पहिल्याच आठवड्यात कळलेलं आहे. त्या सांगत नाहीत, एवढंच.

वर्षातून एकदा काकांचं आणि अण्णाचं बिनसतं. कारण लिंबाएवढं असतं. बहुतेक वेळा लिंबूच असतं. “पुन्हा पाय ठेवणार नाही,” असं जाहीर करून काका मॉलमधल्या नव्या लाउंजमध्ये जातात. तिथं मेन्यू नसतो, टेबलावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र चिकटवलेलं असतं, ते मोबाइलला दाखवायचं. पेग तीसचा, आणि तोही आतूनच भरून येतो. सील कोणी फोडलं, कधी फोडलं, कळायला मार्ग नाही. चकणा विचारला तर नाचोज आणतात आणि बिलात लावतात. संगीत इतकं मोठं की तक्रार केली तरी ऐकू जात नाही. तक्रार ऐकूच जाणार नसेल तर माणसानं बारमध्ये जायचं कशाला? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आपल्या कोपऱ्यात हजर. वेटर येतो, विचारायचं ते विचारतो. काका सांगतात, “आण काय ते. आणि शेंगदाणे नीट बघून आण.”

बिल आलं की काका चष्मा बदलतात. प्रत्येक ओळीवर पेन टेकवून बेरीज करतात. बेरीज बरोबर निघते. ते थोडे खट्टू होतात. मग वीस रुपये बडीशेपेच्या वाटीखाली ठेवतात, पंख्याकडे एकदा नापसंतीनं बघतात आणि पिशवी उचलतात. दाराशी थांबून अण्णाला शेवटची सूचना देतात. अण्णा रोज म्हणतो, “उद्या करतो, काका.” ते काम तो कधीच करत नाही. सगळं सुधारलं तर काकांना उद्या यायला काही निमित्त उरणार नाही, हे त्याला धंद्यातल्या अनुभवानं कळलेलं आहे.

तेव्हा नव्या वस्तीत राहायला गेलात आणि बसण्यासारखी जागा शोधत असाल, तर पाटी बघू नका, तारे मोजू नका, एसी आहे का विचारू नका. सरळ आत जा आणि कोपऱ्यात बघा. तिथं कोणी काका चकण्याला नावं ठेवत बसलेले असतील तर बार चांगला आहे, बेलाशक बसा. कोपरा रिकामा असेल तर पाणी पिऊन बाहेर पडा. आणि बसलात, तर एवढं सांभाळा: खुर्चीवरची कापडी पिशवी हलवू नका.