पोर्ट मोर्सबीच्या चाळीस मासेराती मोटारींना अनावृत पत्र

सन्माननीय मासेराती मंडळीस,



नोव्हेंबर २०१८ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या राजधानीत, पोर्ट मोर्सबी येथे, ‘एपेक’ म्हणजे आशिया-प्रशांत आर्थिक सहकार्य या मंचाची शिखर परिषद भरली, तेव्हा पाहुण्यांच्या दिमतीसाठी आपणां चाळीस जणींना इटलीहून मालवाहू विमानांतून आणण्यात आले आणि सोबतीला तीन बेंटलीही आल्या. परंतु परिषदेवरील लिखाणात आपला उल्लेख टिंगलीपुरताच उरला, म्हणून हा पत्रप्रपंच.

यजमानांचा हिशेब मुळात चोख होता. एपेक खात्याचे मंत्री जस्टिन टकाचेन्को यांनी आपण परिषदेनंतर खासगी ग्राहकांना हातोहात विकल्या जाल आणि सरकारी तिजोरीला झळ बसणार नाही, असे जाहीर केले होते. त्याच वर्षी जून महिन्यात, देश पोलिओमुक्त ठरल्यानंतर १८ वर्षांनी, तेथे पोलिओची साथ जाहीर झाली होती, आणि काही टीकाकार हा पैसा औषधांवर का खर्च झाला नाही असे विचारीत होते; परंतु मुलाला एकदा पाजलेली लस परत विकता येत नाही, हा अर्थशास्त्रातील साधा मुद्दा त्यांच्या ध्यानात आला नसावा.

परिषदेसाठी एला किनाऱ्यावर भराव घालून ‘एपेक हाउस’ उभारले गेले. ऑइल सर्च या तेलकंपनीने ते करसवलतीच्या योजनेखाली बांधले, म्हणजे जो पैसा कराच्या रूपाने तिजोरीत यायचा तो इमारतीच्या रूपाने किनाऱ्यावर आला. या इमारतीचा आकार लाकातोई या शिडाच्या नौकेवरून घेतलेला आहे. याच किनाऱ्यावरचे मोतू लोक पूर्वी अशा नौकांतून ‘हिरी’ नावाच्या वार्षिक व्यापारी सफरीवर मातीची मडकी घेऊन पापुआच्या आखातापलीकडे जात आणि साबुदाण्याच्या जातीचे ताडपीठ, म्हणजे सागो, भरून वाऱ्याची दिशा फिरल्यावर परतत. मडकी देऊन अन्न आणणारा हा प्रादेशिक सहकाराचा नमुना, घोषणापत्र आणि बुलेटप्रूफ काच यांपैकी काहीही नसताना चालला होता, हे त्याच नौकेचे शिल्प बांधणाऱ्यांना जाणवले असेल की नाही, याविषयी तर्क न केलेलाच बरा.

हॉटेले अपुरी पडल्याने बंदरात पर्यटन जहाजे नांगरून पाहुण्यांची सोय करण्यात आली, आणि अशाच एका जहाजावर चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग व अमेरिकेचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी एकमेकांच्या धोरणांवर भाषणे केली. पुढे जागतिक व्यापार संघटना आणि अनुचित व्यापारपद्धती यांविषयीच्या मजकुरावर दोन्ही सत्तांचे एकमत झाले नाही, आणि १९९३ पासून चालत आलेल्या नेत्यांच्या बैठकींत प्रथमच संयुक्त घोषणापत्राविना मांडव मोडला. चिनी अधिकारी मसुद्याबाबत यजमान परराष्ट्रमंत्र्यांच्या कार्यालयात घुसू पाहत होते, असे वृत्त आले. चीनने ते नाकारले. एकूण २१ सदस्य अर्थव्यवस्थांच्या या मेळाव्यात ‘पॅसिफिक द्वीपराष्ट्रे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशांपैकी एकच सदस्य होता, तो खर्च करणारा यजमान. घोषणापत्र कोणी अडवायचे, याचा अधिकार मात्र प्रत्यक्षात दोनच पाहुण्यांच्या हाती राहिला.

परिषद संपून दोन दिवस होतात न होतात तोच, २० नोव्हेंबर रोजी, बंदोबस्ताला उभे राहिलेले पोलीस, सैनिक आणि तुरुंग कर्मचारी थकलेल्या भत्त्यासाठी संसदेत शिरले आणि त्यांनी खिडक्या फोडल्या. वरात गेल्यावर बिदागीसाठी यजमानाचे दार अडवणाऱ्या वाजंत्रीवाल्यांसारखा हा प्रकार असला, तरी येथे वाजंत्रीवाल्यांच्या हाती कायद्याची काठी होती. भत्त्याच्या बाबतीत ‘नंतर विकून भागवू’ हा चोख हिशेब त्यांना लागू पडला नाही.

आपल्या हातोहात विक्रीचेही तसेच झाले. अर्थमंत्री जॉन पुंडारी यांनी २०२१ मध्ये सांगितले, तोपर्यंत आपल्यापैकी दोघीच विकल्या गेल्या होत्या, आणि उरलेल्यांना सवलतीच्या दरात बाजारात आणावे लागले. आपल्या वेगाला साजेशा लांब सफरीचा विचार ग्राहकाने केला तरी अडचण होती, कारण पोर्ट मोर्सबीहून लाए या देशातील दुसऱ्या मोठ्या शहरी जाणारा रस्ताच अस्तित्वात नाही.