व्हेक्टर सातचा सातबारा

मेहकरात एखाद्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असा बोभाटा झाला, की त्याची सुटका नाही. पीकविम्याचा अर्ज, लग्नाची पत्रिका, हँग झालेला मोबाईल, सगळं त्याच्याच ओट्यावर येऊन पडतं. त्यात पुतण्यानं विज्ञान प्रदर्शनासाठी आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, आणला. बेत असा, की टीव्हीच्या रिमोटनं घरच्या बोअरची मोटर सुरू करायची आणि ती सुरू झाली की बझर वाजवायचा.

रिमोटचं गाडं रुळावर यायलाच एक तंटा मिटवावा लागला. लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायची आर्डुइनोची जुनी आयडीई होती आणि तिच्यासोबत 'रोबोटआयआररिमोट' नावाची लायब्ररी न मागता आलेली. पुतण्यानं टाकलेली 'आयआररिमोट' वेगळी. दोघींत हेडर फाईल मात्र एकाच नावाची, आणि आयडीई नेमकी नको तीच उचलायची. आगंतुक फोल्डर उडवला, रिमोट चालला. बझरही एकटा छान वाजला. दोघांना एका प्रोग्रॅममध्ये आणलं आणि पडदा लालेलाल!

"काका, दोघं भांडून राह्यले!"

अशा वेळी जो तो शेवटची ओळ वाचतो. तिथं असतं 'एक्झिट स्टेटस १'. काम बिघडलंय एवढंच त्यातून कळतं आणि ते आपल्याला आधीच दिसत असतं. मी वर सरकत गेलो. तिथं कलम स्पष्ट होतं: 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ व्हेक्टर ७'.

आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये टायमर तीनच: ०, १ आणि २. शून्य नंबर मिलिसेकंद मोजण्यात गुंतलेला. बझरच्या 'टोन'ला लागतो दोन नंबर. रिमोटची लायब्ररी दर ५० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला २०,००० वेळा, कोणी बटण दाबलं का ते बघते आणि त्यासाठी तिनंही दोन नंबरच धरलेला. त्या टायमरची वेळ भरली की चिप ज्या जागी धाव घेते, त्या व्हेक्टर ७ वर दोघांनी आपापली मालकी लावली होती. एकाच गटावर दोन सातबारे!

एव्हाना दादा चहाचा कप घेऊन मागे उभा होता.

"मंग कोणाचं नाव कमी करतू?"

"कोणाचंच नाही. एक नंबर मोकळा पडलाय. तो सर्व्हो मोटर वापरणाऱ्यांना लागतो, आपल्याकडे सर्व्हो नाही."

रिमोटच्या लायब्ररीतली 'बोर्डडेफ्स' फाईल उघडली. उनोच्या रकान्यात टायमर २ च्या ओळीआधी दोन तिरक्या रेघा मारून ती रद्द केली, टायमर १ च्या ओळीआधीच्या पुसून ती चालू केली. पुन्हा कंपाईल केलं. लाल अक्षर औषधालाही उरलं नाही.

मला या कंपायलरचं कौतुक वाटतं ते यासाठी, की तो पेरणीआधी भांडण काढतो. दोन मालक दिसले की प्रोग्रॅम बोर्डावर चढूच देत नाही, दोघांची नावं फाईलसकट सांगतो आणि तारीख देत नाही. आपल्याकडे धुऱ्याचा वाद पीक कापणीला आल्यावर उभा राहतो आणि पुढं नातवंडांच्या वाट्याला जातो.

दादानं कप खाली ठेवला. चुलतभावाशी त्याचा धुऱ्यावरून वाद जुनाच. स्क्रीनकडे बोट दाखवत तो म्हणाला, "ते फाईल बंद नको करू. आपला गट नंबर सांगतो, त्याच्या पुढी बी दोन रेघा मारून पाह्य."