निशाणी : कपाट

पौडला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज भरतोय. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं, सातबाऱ्यावरून आज्याचं उतरवायचं, उत्पन्न कमी दाखवायचं, वय जास्त. कुणाचं पोट सुटतं, कुणाचे केस गळतात. माझ्या अंगावर उमटलेली व्यवसायाची खूण म्हणजे मी कुणाशीही बोलताना 'मोठ्या अक्षरात सांगा' म्हणतो.

२०१९ च्या सप्टेंबरात विधानसभेची निवडणूक लागली. एका उमेदवाराचा माणूस नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र टाइप करायला आला, तो पाच रकाने कोरे सोडून. मी म्हटलं, "रकाना कोरा ठेवू नका. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, कोरा रकाना असेल तर अर्ज बाद होऊ शकतो. काही नसेल तर 'निरंक' लिहा." तो म्हणाला, "एवढं कळतंय तर तुम्हीच का उभे राहत नाही?"

तो टोमणा होता. मी तो ठराव समजलो.

अपक्षाला दहा सूचक लागतात. माझ्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांनी सह्या केल्या. त्यातल्या चौघांना आपण कशावर सही केली हे नंतरही कळलं नाही. अनामत रक्कम १०,००० रुपये. खर्चाची मर्यादा २८ लाख. ही मर्यादा कधी ओलांडेन अशी भीती मला एक क्षणही वाटली नाही.

प्रतिज्ञापत्र मी स्वतःच टाइप केलं. शेतजमीन : निरंक. वाहन : निरंक. समभाग : निरंक. निरंक, निरंक, निरंक... कागद इतका स्वच्छ दिसायला लागला की बघून समाधान वाटावं. पण त्यात पत्नीच्या मालमत्तेचाही रकाना असतो. मी तिथेही 'निरंक' टाइप करणार, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली, पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "खोटं कशाला लिहिताय? माझी दोन लाखांची ठेव आहे."

सत्तावीस वर्षांच्या संसारात जे मला कळलं नव्हतं, ते निवडणूक आयोगानं एका रकान्यात काढून घेतलं. पारदर्शकतेवर माझा तेव्हापासून विश्वास बसला. बायकोचा माझ्यावरचा उडाला, कारण मी पुढचा प्रश्न विचारला होता, "त्यातले थोडे मोडता येतील का?" त्या दिवशी तिनं घरातल्या आणि दुकानातल्या सगळ्या किल्ल्या कमरेला लावल्या.

माझा मतदारसंघ भोर, क्रमांक २०३. भोर, तेव्हाचा वेल्हे आणि मुळशी असे तीन तालुके. एका टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क, दुसऱ्या टोकाला वरंधा घाट, मधे राजगड, तोरणा, रायरेश्वर, आणि जिकडे बघावं तिकडे धरण. अर्ज भरायला भोरला जायचं, तर पौडहून निघून चांदणी चौक, कात्रज, खेड शिवापूरचा टोलनाका. म्हणजे मतदारसंघाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जायला दुसऱ्याच्या मतदारसंघातून जावं लागतं. जाऊन येऊन दीडशे किलोमीटर. वाटेत मी सवयीनं सगळ्यांना नमस्कार करत होतो. वारज्यात एकानं उलट नमस्कार केला, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, फुकट गेला. हा आपला मतदार नाय."

भाचा म्हणजे माझी प्रचारयंत्रणा. त्याच्याकडे छोटा हत्ती होता.

७ ऑक्टोबरला माघारीची मुदत संपली आणि चिन्हं वाटली. मी मागितली होती शिट्टी. मिळालं कपाट. मतदानयंत्रावर ते चित्र इतकं बारीक दिसायचं की माझ्या आईनं नमुना बघून विचारलं, "ह्यो दरवाजा कुठं जातो?" हातात बारा दिवस. भाचा म्हणाला, लोकांना चित्र कळत नाही, वस्तू कळते, खरं कपाटच गाडीवर चढवू. दुकानातलं जुनं लोखंडी कपाट, सहा फुटी, हिरवं, आम्ही चौघांनी उचलून छोट्या हत्तीवर उभं केलं, दोरांनी आवळलं, त्यावर माझा फोटो चिकटवला. फोटो पासपोर्टचा होता, तो मोठा करून छापल्यामुळे मी कुठल्या तरी गुन्ह्यात हवा असल्यासारखा दिसत होतो.

हिंजवडीपासून सुरुवात केली. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "कुणाकडे जायचंय?" मी म्हटलं, "सगळ्यांकडे." त्यानं फ्लॅट नंबर मागितला. अर्ध्या तासानं दोन तरुण खाली आले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि सभ्यपणे म्हणाले की त्यांची नावं लातूरच्या यादीत आहेत. तिथल्या लोकांच्या रस्त्याच्या तक्रारी खऱ्या होत्या, त्या मी वहीत लिहून घेतल्या. वही अजून आहे.

मग ताम्हिणीच्या अंगाला वळलो. त्या साली ऑक्टोबरातही पाऊस हटत नव्हता. कपाटावर प्लास्टिक बांधलं. स्पीकरवर भाच्याच्या आवाजात, "कपाट! कपाट! कपाट! येत्या एकवीस तारखेला..." एवढं ऐकून बायका दारात यायच्या. एकीनं विचारलं, "जुनं दिऊन नवं मिळतं का?" पुढच्या गावात एक म्हातारा हात जोडून पुढं आला, "रुखवत कुणाच्या घरचं? नवरी कंची?" मी खाली उतरून सांगायला लागलो की मी उमेदवार आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. साठीला टेकलेला माणूस स्वतःच्या लग्नाचं रुखवत घेऊन फिरतोय, अशी त्यानं समजूत करून घेतली असावी. पण चहा दिला. खर्चाच्या नोंदवहीत तो लिहावा लागतो का, यावर मी रात्रभर विचार केला. आयोगाच्या दरसूचीत चहाचा दर असतो. पाहुणचाराच्या चहाचा नसतो.

मुळशीचा जलाशय तेव्हा तुडुंब भरलेला होता. सुंदर. पुढे.

पुढे नाका होता. रस्त्यात आडवं बॅरिकेड, एक तंबू, दोन पोलीस, कॅमेरा घेतलेला एक पोरगा आणि स्थिर सर्वेक्षण पथकाचे प्रमुख. अशी पथकं गाड्यांतून नेली जाणारी रोकड आणि वाटपाच्या वस्तू शोधतात. उमेदवाराच्या गाडीत ५० हजारांवर रोकड किंवा १० हजारांवरच्या वाटपाच्या वस्तू सापडल्या तर जप्त. मला हे सगळं पाठ होतं. त्यामुळे मी निर्धास्त होतो. नियम पाठ असलेला माणूसच सगळ्यात आधी अडकतो, हे मी इतकी वर्षं काउंटरच्या अलीकडून बघितलं होतं.

"हे कपाट कुणाला वाटायला चाललंय?"

"वाटायला नाही साहेब. निशाणी आहे."

"किंमत?"

"जुनं आहे."

"उघडा."

तेव्हा मला किल्ली आठवली. ती पौडला होती, बायकोच्या कमरेला.

कुलूपबंद लोखंडी कपाट, निवडणुकीला आठवडा राहिलेला, आणि सोबत किल्ली नसलेला उमेदवार. साहेबांच्या चेहऱ्यावर बढतीचा उजेड पडला. कॅमेऱ्याच्या पोरानं चारही बाजूंनी कपाट टिपलं, मग माझा फोटो, मग मी, मग पुन्हा फोटो. दोघांत साम्य दिसत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. फोनला रेंज नव्हती. भाचा कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पौडला गेला. कुलूप तोडा, असं मी सुचवलं. साहेब म्हणाले, "तोडलं आणि काही निघालं नाही, तर तुम्ही नुकसानीचा अर्ज कराल." मी खरंच केला असता.

वाट बघण्यात अडीच तास गेले. पाऊस थांबला. आणि गर्दी जमायला लागली. आधी म्हशीमागची दोन पोरं, मग बाजारहून परतणारी जीप थांबली, मग दुसरी, मग वाडीवरून बायका उतरल्या. 'कपाटात कोटभर रुपये सापडले' ही बातमी रेंज नसतानाही कुठवर गेली देव जाणे. शेवटी दीडशे माणूस असेल. माझ्या सगळ्या प्रचारातली ती सर्वांत मोठी सभा. मी बॅरिकेडवर हात टेकून बोललो. म्हटलं, १९२१ साली इथेच तुमच्या पणज्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालंच, पाणी डोंगराखालून भिऱ्याला उतरून वीज करतं, आणि उन्हाळ्यात वरच्या वाडीतली बाई हंडा घेऊन ते पाणी नुसतं बघते. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, जमलं. मग लक्षात आलं, सगळ्यांच्या नजरा माझ्या खांद्यावरून मागे, कपाटावर होत्या.

बायको जीपमधून उतरली. गर्दी बाजूला झाली. ती कुणाशी काही बोलली नाही, पदर खोचला, टेम्पोवर चढली, किल्ली फिरवली. दार करकरलं. दीडशे माणसांनी श्वास धरला.

आत वरच्या खणात शाईचे डबे, कार्बन पेपर, बंद पडलेला टाइपरायटर. खालच्या खणात सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा, वर माझ्याच अक्षरात : 'अपूर्ण'.

संजय गांधी निराधार, श्रावणबाळ. वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं, त्याचा दाखला जोडलेला नाही. फोटो नाही. वयाचा पुरावा नाही. अंगठा आहे, साक्षीदार नाही. लोक अर्ज भरायला यायचे, एक कागद कमी पडायचा, मी म्हणायचो 'पुढच्या बाजारी घेऊन या', आणि ते यायचे नाहीत. मी ते फेकले नव्हते, याचा मला अभिमानच होता.

चित्रीकरणासाठी आतल्या प्रत्येक वस्तूची नोंद करायची म्हणून साहेबांनी एकेक कागद उचलून नाव मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या नावाला गर्दीतून आवाज आला, "हाय, हाय, मीच ती." लोक हसले. दुसऱ्या नावाला, "आमचं आण्णा. मुंबईला पोराकडं." शाळेतल्या हजेरीसारखं सुरू झालं. आपलं नाव सरकारी माणसाच्या तोंडून ऐकून म्हाताऱ्या खूश झाल्या होत्या. सहाव्या की सातव्या नावाला कुणीच बोललं नाही. साहेबांनी पुन्हा वाचलं. मग मागून एक बाई म्हणाली, "ती गेली. शिमग्याला."

आणखी दोन नावांनाही तसंच झालं. त्यानंतर साहेबांनी आवाज खाली आणला. कॅमेऱ्याच्या पोरानं कॅमेरा उतरवला.

बायको अजून टेम्पोवरच होती. मला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू ती म्हणाली, "अहो, हे देण्यांच्या रकान्यात दाखवलंत का?"

प्रचाराचे पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. भाचा एकटाच कपाट घेऊन फिरला. मी दुकानात बसून गठ्ठा सोडला, गावोगाव निरोप धाडले, दाखले काढून आणले. सगळे पूर्ण झाले नाहीत. तीन तर होणारच नव्हते.

२४ ऑक्टोबरला मोजणी झाली. मला किती मतं पडली ते आयोगाच्या फॉर्म २० मध्ये आहे, ज्याला हौस असेल त्यानं बघावं. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. मला तो अपूर्णांक दुर्बिणीतूनही दिसला नाही. 'नोटा' माझ्या पुढे होता. त्याला ना फोटो, ना टेम्पो, ना बायको. २०१३ पासून बिचारा यादीत सगळ्यात शेवटी उभा असतो आणि तरी मला हरवून गेला. मुलगा समजूत घालायला म्हणाला, "बाबा, लिंकनही १८३२ साली इलिनॉयच्या विधानसभेची पहिली निवडणूक हरला होता. तेरा जणांत आठवा आला." मला लिंकन आपल्याकडे हेडमास्तरांना लिहिलेल्या पत्रामुळे माहीत, ते पत्रही त्यानं लिहिल्याचा पुरावा नाही म्हणतात. म्हणजे त्याचाही एक कागद कमीच. पण पुढे मुलानं सांगितलं की लिंकनला त्याच्या न्यू सालेम गावात ३०० पैकी २७७ मतं होती. तेव्हा मी त्याला थांबवलं.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, नाहीतर तीन वर्षं उभं राहायला बंदी. मी नवव्या दिवशी दिला. पराभूतांत हिशेब इतका देखणा कुणाचाच नव्हता, असं तिथला कारकून म्हणाला. त्या वाक्यानं मी २०२४ ला पुन्हा उभा राहिलो.

नाही, खरं कारण दुसरं होतं. त्या वर्षी जुलैत लाडकी बहीण योजना आली आणि माझ्या दुकानापासून स्टँडपर्यंत रांग लागली. दीड हजार रुपये महिना. मी दिवसाला शंभर-शंभर अर्ज भरले. बायका म्हणायच्या, "भाऊ, तुमच्यामुळं झालं." माणसानं अशा वाक्यावर निवडणूक लढवू नये. खर्चाची मर्यादा तोवर ४० लाख झाली होती, माझा खर्च तेवढाच राहिला. चिन्हांच्या बाबतीत गंमत म्हणजे त्या वर्षीच्या लोकसभेत 'ट्रम्पेट'ला मराठीत 'तुतारी' म्हटल्यामुळे मोठा घोळ झाला होता, म्हणून विधानसभेला त्याचं नावच 'ट्रम्पेट' ठेवलं. माझ्या वाट्याला आली चालण्याची काठी. वयाला शोभणारी होती. टेम्पोची गरज नव्हती. बायको म्हणाली, या वेळी निदान कुलूप तरी नाही.

२० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. अनामत पुन्हा सरकारजमा.

डिसेंबरात ताम्हिणीकडच्या वाडीवर एक दाखला पोचवायला गेलो होतो. नाक्यावर "मीच ती" म्हणालेली म्हातारी ओट्यावर नाचणी निवडत बसली होती. तिचं पेन्शन सुरू झालंय. मला बघितल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"भाऊ, औंदा तू उभाच नव्हतास."

"होतो की मावशी."

"नव्हतास. म्या मशिनीत कपाट हुडीकलं. दोन येळा वरनं खालपतोर बघितलं. मागची मानसं वरडाया लागली, तरी हटली न्हाय म्या. कपाट न्हवतंच."

"मग काय केलंत?"

"मग काय करू? सगळ्यात खालचं बटन दाबलं. म्हनलं, आपला मानूस गरीब, असंल शेवटाला."