आकडा तपासणारा माणूस

बारावीचे निकाल लागले की करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम सुरू होतात. हल्ली त्यांत ‘हवामान बदल आणि स्वच्छ ऊर्जा’ असाही एक तास असतो. पडद्यावर पवनचक्क्या फिरतात, सौर पॅनेल चमकतात, कुठल्याशा जागतिक परिषदेतले झेंडे फडकतात. मग पॅकेजचा आकडा येतो आणि टाळ्या पडतात. एक गोष्ट मात्र कोणीच सांगत नाही: पोरांनो, या क्षेत्रात यायचं असेल तर आधी घरी येणारं विजेचं बिल वाचायला शिका.

स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. कोळसा महागला की यातली एक ओळ फुगते. महावितरणनं एखादा महागडा करार केला की दुसरी फुगते. शेतीपंपाला स्वस्त वीज द्यायची म्हणून कारखान्याकडून जास्त घेतात, तेही यातच मुरलेलं असतं. २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, करायचं वचन भारतानं ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिलं, पण त्याचे पैसे कोण भरणार हे या कागदावर ठरतं. तो कागद कळत नसेल तर हवामान धोरणाचा अभ्यासक ही पदवी लावू नये. माझं हे मत ठाम आहे.

आणि असा हिशेब तपासायचं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. आजच्या विद्यार्थ्यांना ते कोणी शिकवत नाही, याचा मला राग आहे.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प आठवा. राज्य वीज मंडळाशी त्याचा वीज खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. त्याच वर्षी जागतिक बँकेनं या प्रकल्पाला पैसा द्यायला नकार दिला होता. वीज महाग पडेल, राज्याला एवढी चोवीस तास लागणारही नाही, असं बँकेचं म्हणणं होतं. तरी सही झाली. रस्त्यावर आंदोलनं सुरू होती, सभा गाजत होत्या. त्या गदारोळात पुण्यातल्या ‘प्रयास’ संस्थेचे गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे हे तरुण कराराचा हिशेब मांडत बसले. करार वीस वर्षांचा. वीज घेतली नाही तरी क्षमतेपोटीचा आकार भरायचाच. बराचसा हिशेब डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की बिल चढणार. इंधन आयात करायचं, त्याच्या भावाचा धोकाही आपल्याच गळ्यात. १९९५ मध्ये त्यांनी हे सगळं कागदावर मांडून लोकांपुढे ठेवलं.

पुढे काय झालं ते बिलात दिसलं. ऑगस्ट १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारनं करार रद्द केला, मग फेरवाटाघाटी करून पुन्हा मान्य केला. म्हणजे काँग्रेस आणि युती, दोघांच्याही सह्या त्या कागदांवर आहेत. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. दराचं बोलणं सुरुवातीला अडीच रुपयांच्या आत होतं. २००० साली काही महिन्यांत युनिट सात रुपयांच्या वर गेलं. मे २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं थांबवलं. राज्य सरकारनं नेमलेल्या माधव गोडबोले समितीनं त्याच वर्षी या कराराची चिरफाड केली आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉननं अमेरिकेत दिवाळं जाहीर केलं. ज्या धोक्यांकडे त्या तरुणांनी सहा वर्षं आधी बोट दाखवलं होतं, ते सगळे राज्यानं रोख पैसे मोजून पाहिले.

मी ऊर्जा धोरणाचं संशोधन म्हणतो ते हे. पुढच्याच्या हातात मोठा आकडा असतो, मागे सत्ता असते, आणि तुम्ही शांतपणे विचारता: हा आकडा आला कुठून?

१९९९ मध्ये राज्यात विजेचे दर ठरवणारा वीज नियामक आयोग आला. वीज मंडळ वर्षानुवर्षं सांगत होतं, गळती पंधरा-सतरा टक्के. बाकीची वीज शेतकरी पितो. पंपांना मीटर नव्हते, पंपाच्या अश्वशक्तीवर बिल, त्यामुळे शेतीच्या नावावर किती युनिट टाकायची याला धरबंध नव्हता. आयोगाच्या सुनावणीत ग्राहक प्रतिनिधींनी हिशेब मागितला आणि गळती तीस टक्क्यांच्या पुढे निघाली. इतकी वर्षं चोरी आणि ढिसाळपणा शेतकऱ्याच्या खात्यावर लिहिला जात होता. शेतकऱ्याची केवढी बदनामी झाली होती! ती एका तक्त्यानं उघडी पडली.

गिरीश संत २०१२ मध्ये अकाली गेले. त्यांचं नाव आपल्या किती अभियांत्रिकी महाविद्यालयांत घेतलं जातं?

जागतिक पातळीवरही खेळ हाच. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता की भारताची भातशेती वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन सोडते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकारानं १९९१ मध्ये आपले शास्त्रज्ञ चिखलात उतरले. भाताच्या रोपांवर पारदर्शक पेटी उपडी घालायची, आत साठलेली हवा सिरिंजनं ओढायची, प्रयोगशाळेत नेऊन मिथेन मोजायचा. राज्याराज्यांतल्या खाचरांत हेच केलं. उत्तर आलं सुमारे चाळीस लाख टन, अमेरिकी अंदाजाच्या जेमतेम दहावा हिस्सा. त्याच वर्षी पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी विचारलं की गरिबाच्या भाताचा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीचा वायू एकाच तराजूत कसा घालता? भारत हवामानाच्या वाटाघाटींत ताठ मानेनं बोलू शकला, त्यामागे अशी मोजमापं आहेत.

आता आजचं घ्या. २०२५ च्या मध्याला जाहीर झालं की देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतली निम्मी आता कोळसा, वायू, डिझेल सोडून इतर स्रोतांची आहे. मोठी मजल आहे, अभिमान वाटावा अशी. पण टीव्हीवर ती ‘निम्मी वीज हिरवी’ होऊन गेली, आणि ते साफ चूक आहे. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १६-१७ लाख युनिट देतो. तेवढाच कोळशाचा संच सत्तर टक्के चालला तरी ६० लाखांवर देतो. म्हणून क्षमता निम्मी असली तरी प्रत्यक्ष विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. हा गुणाकार आठवीतला आहे. तो न करता चर्चेला बसणाऱ्यांना ‘ऊर्जातज्ज्ञ’ म्हणणं थांबवा.

गावात तर प्रश्नांची रास पडली आहे. शेतकऱ्याला थ्री फेज लाइट पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की जुन्नर-आंबेगावकडे उसात बिबट्या आणि पायाखाली साप, हातात बॅटरी. शेतीचा फिडर, म्हणजे वीजवाहिनी, वेगळा करायचा, सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि दिवसाच वीज द्यायची, या कल्पनेचा पाठपुरावा अभ्यासकांनी वर्षानुवर्षं केला. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. सुरुवात राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीपासून झाली. युनिट तीन रुपयांच्या आसपास, करार पंचवीस वर्षांचा. दाभोळच्या बरोबर उलटा करार आहे हा: इंधन फुकट, दर बांधलेला. हवामानाच्या नावानं महाराष्ट्रात झालेलं हे सगळ्यांत शहाणपणाचं काम आहे, असं मी मानतो.

म्हणूनच त्याच्यामागे अभ्यासकांची फौज हवी. दिवसा लाइट आल्यावर बोअर किती खोल गेले? मराठवाड्यात पाण्याची पातळी काय म्हणते? ढगाळ आठवड्यात फिडरवर काय होतं? प्रत्येकाला वेगळा सौर पंप द्यावा की फिडरच सौर करावा? चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी कधी ना कधी थंडावतील, तेव्हा राखेच्या गाड्या चालवणाऱ्यानं, कॅन्टीनवाल्यानं, कंत्राटी कामगारानं कुठे जायचं? हे प्रश्न चंद्रपूरच्या पोरीनं चंद्रपुरात राहून सोडवायला हवेत. तिला ती संधी कोण देतं?

कोणी नाही. पदवीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा आहे. त्यात झाडांची चित्रं चिकटवलेली फाइल दिली की गुण मिळतात. राज्याचा हवामान बदलाचा आराखडा २०१४ साली दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेनं बनवला. टेरीनं काम केलं, त्यात गैर काही नाही. पण राज्याच्या विद्यापीठांकडे तेव्हाही माणसं नव्हती आणि आजही ती तयार करायची घाई कोणाला दिसत नाही. खात्यांचे अहवाल सल्लागार कंपन्या लिहितात, इंग्रजीत, आणि कंपनी गेली की त्यातलं ज्ञानही तिच्यासोबत जातं. जी पोरं तरीही या वाटेनं येतात त्यांना वर्षाचं कंत्राट, देणगीवर चालणारी संस्था, आणि लग्नाच्या बैठकीत ‘म्हणजे नक्की काय करता?’ हा प्रश्न.

तरी ती येतात, आणि आकडे तपासत राहतात. ‘प्रयास’नंच केलेली एक छोटी पेटी आहे. घरातल्या सॉकेटला लावायची. ती मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवते आणि मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवते. देशात शेकडो ठिकाणी ती लागली. वीज कंपनी सांगते लाइट होती, पेटी सांगते सात ते नऊ नव्हती, आणि आली तेव्हा १७० व्होल्ट होता, ज्यात पंखा रांगतो. एवढा पुरावा हातात असला की अधिकाऱ्यापुढे आवाज चढवावा लागत नाही.

वीज कायदा २००३ च्या कलम ६४ नुसार दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या हरकती आणि सूचना विचारात घ्याव्या लागतात. कलम ९४ नुसार ग्राहकांच्या वतीनं बोलायला प्रतिनिधी नेमता येतो. दार कायद्यानं उघडं आहे आणि जाहीर नोटीस मराठी वर्तमानपत्रात छापून येते. मग राज्यातल्या प्रत्येक सरकारी विद्यापीठानं दोन तरुणांना पाच वर्षांचा, बऱ्यापैकी पगार द्यावा आणि हे एकच काम सोपवावं: दरवाढीची याचिका वाचा, हिशेब करा, हरकत दाखल करा, आणि निकाल लागला की तो मराठीत लिहून आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना समजवा.  कुलगुरूंनी पुढच्या दरवाढीची नोटीस कापून टेबलावर ठेवावी आणि मुदत संपायच्या आत त्यांच्या विद्यापीठाच्या लेटरहेडवर पहिली हरकत आयोगाकडे गेलेली असावी.